भुईकोट, सकाळी सहा

तिकिटाची खिडकी अजून बंद असते.
मौलाली मोठ्या दारातलं छोटं दार ढकलतो
आणि म्हणतो, वाकून या की,
सरदार असूंदे नाहीतर माळी, इथनं वाकूनच.
नायना वाकतात. ऐकू काही गेलेलं नसतं.
सव्वीस वर्षं मागाच्या खडखडाटात
त्यांचे कान तिकडंच राहिले, मिलमध्ये,
आणि मिल बंद झाली तेव्हा
आतलं सामान कुणालाच काढू दिलं नाही.

हा किल्ला समुद्रातला नाही.
सोलापुरात समुद्र कुठून आणायचा.
एका अंगाला सिद्धेश्वराचं तळं होतं,
बाकीच्या अंगांना
बांधणाऱ्यांनी खंदक खणला.
आता त्यात पाणी कमी, बाभळी जास्त,
आणि एक पांढरा बगळा,
पगार चालू असल्यासारखा उभा.

नायनांनी समुद्र एकदाच पाहिला.
युनियनची सहल, हर्णै.
भरती होती, होडी सुटली नाही.
बाकीचे भेळ खात होते,
हे वाळूत बसून दिवसभर
पाण्यातल्या किल्ल्याकडे बघत राहिले.
आईनं विचारलं, कसा होता?
म्हणाले, मिलसारखाच. फक्त चिमणी नव्हती.

बुरुजाच्या भिंतीत एक दगड आहे,
त्याच्यावर कमळ कोरलंय, तेही आडवं.
कुठल्यातरी देवळाचा असणार.
देऊळ मोडलं असेल, नाहीतर आपोआप पडलं असेल,
मला माहीत नाही, पाटीवर लिहिलेलं नाही.
पण गवंड्याला दगड बरा वाटला, त्यानं बसवला.
नायना पाणी मारता मारता
नळीची धार तेवढी त्याच्यावरून चुकवून नेतात.

रोजंदारी माळी. कागदावर हेच लिहिलंय.
बोगनवेल कठड्याला बांधतात
ती विणकराच्या गाठीनं,
तुटलेला ताणा जोडायची गाठ,
दोन बोटांत, न बघता.
सुपरवायझर म्हणाला, सुतळी जास्त लागते तुम्हाला.
लागत नाही. त्यांना गाठी जास्त मारायच्या असतात.

मागच्या पौषात गड्ड्याची गर्दी ओसरल्यावर
निशिगंधासाठी वाफा खणताना
कुदळ ठण्ण वाजली.
ते मात्र त्यांना ऐकू आलं, हातातनं.
दगडाचा गोळा निघाला, नारळाएवढा, एका बाजूनं टवका उडालेला.
कुणावर मारायचा होता, का राहून गेला,
मौलालीनं दोन-तीन लढाया सांगितल्या,
एकही दुसरीसारखी नव्हती.
ऑफिसातनं माणूस आला. मोजमाप घेतलं,
पांढऱ्या रंगानं नंबर घातला,
गोळा पोत्यात घालून नेताना
नायना आडवे आले. पावती पाहिजे.
तो हसला. हे हलले नाहीत.
शेवटी फाडून दिली: दगडी गोळा, नग एक.

ती पावती आमच्या पत्र्याच्या पेटीत आहे,
मिलच्या हिशेबाच्या कागदाखाली.
त्या कागदावर रक्कम आहे, सही आहे, शिक्का आहे.
पैसे नाहीत.
पेटी उघडली की नायना आधी पावती वाचतात.

मी त्यांचा डबा घेऊन येते,
ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, आणि गुरुवारी पुलिहोरा.
तोफेवर बसून वाट बघते.
तोफ पहाटे थंडगार असते, नंतर शाळेची पोरं तापवतात.
बुटके, पाय ओले, नायना
एकेका मोगऱ्याच्या आळ्यात नळी सोडतात.
माती गोल, मधे रोप, भोवती पाणी.
खोडावर एक मुंगी वर जाते, खाली येते,
पाण्याच्या काठाला थबकते, परत वर.
नायना नळी बाजूला धरून बघत राहतात.
मला वाटलं, आता काही बोलतील.
एक वाळकी काडी उचलली, आडवी टाकली,
आणि पुढच्या आळ्याकडे गेले.

मुंगी उतरली का, ते मला बघायचं होतं.
पण तेवढ्यात मौलाली ओरडला,
चला की, खिडकी उघडली,
इथनं पुढं तिकीट लागतंय.